पाचवीचा दिवा

फोन उचलल्यावर लोक ‘हॅलो’ म्हणतात. आमचे दादूस म्हणायचे, “जागा हाय मी.”

रात्रीबेरात्री म्हटलं तर ठीक आहे. पण हा माणूस भर दुपारी, भाजी निवडताना, गॅस सिलिंडरवाल्यालासुद्धा हेच सांगायचा. तो पोरगा पहिल्या वेळी गोंधळला आणि म्हणाला, “मग दार उघडा की.” समोरून कुणीही बोलो, आधी आपण जागे असल्याची ग्वाही द्यायची आणि मग पुढचं बोलायचं, असा त्यांचा शिरस्ता होता.

दादूस हे काही त्यांचं नाव नव्हे. आगरी माणसं मोठ्या भावाला दादूस म्हणतात, आणि सुकापूरच्या आमच्या इमारतीत कुणालाच त्यांचं दुसरं नाव ठाऊक नव्हतं. ही इमारत त्यांच्याच भातशेतीवर उभी आहे. बिल्डरने जमीन घेतली आणि बदल्यात त्यांना इथेच फ्लॅट दिले. त्यामुळे आम्ही गाडी लावत असू तिथे उभं राहून ते सांगायचे, “हितं आमचा भात व्हायचा. तुमची स्कूटर हाय ना बाय, तिथं बेडकं.” मी कराडकडची, पनवेलच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला. लग्न केलं नाही, मूलबाळ नाही. त्यामुळे पोराबाळांच्या विषयावर मी तोंड उघडलं की इमारतीतल्या बायका एकमेकींकडे बघतात. हिला काय कळणार! खरं असेल. पण खेळणाऱ्यापेक्षा कडेला बसलेल्याला डाव जास्त दिसतो, असं मला आपलं वाटतं, आणि मी या माणसाला कडेला बसून बरीच वर्षं पाहिलं.

संध्याकाळ झाली की दादूस गेटजवळ प्लास्टिकची खुर्ची टाकून बसत. तिचा एक हात मोडलेला होता आणि नायलॉनच्या दोरीने बांधलेला होता. इमारतीतलं शेवटचं माणूस घरी येईपर्यंत ती खुर्ची हलायची नाही. मी लॅबमधून उशिरा यायची. गेटातून आत पाऊल टाकलं की प्रश्न यायचा, “आयलीस का गो बाय?”

आता मी समोर धडधडीत उभी. आले नसते तर दिसले असते का? सुरुवातीला मला याचा भयंकर राग यायचा. चाळिशीच्या बाईला घरी यायची वेळ विचारणारे तुम्ही कोण, असं एकदा मी त्यांना सुनावलंही. ते म्हणाले, “मी वेल नाय विचारली. पोचलीस का, यवराच विचारला.” आणि वर पुन्हा, “जेवून घे.” अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

यात सगळ्यात सुखी होता तो आमचा वॉचमन. खुशाल पाय पसरून झोपायचा. कुणी हटकलंच तर म्हणायचा, “दादूस है ना.” सोसायटीच्या मीटिंगमध्ये यावरून तक्रार झाली, तेव्हा दादूसनीच त्याची बाजू घेतली. म्हणाले, त्याची लेकरं तिकडे गावाला आहेत, तो एवढ्या लांबून जागून काय करणार?

काळजीच्या बाबतीत त्यांना कुठलाही विषय वर्ज्य नव्हता. हायवेवरचे डंपर, उशाखाली चार्जिंगला लावलेला फोन, नव्या इमारतींच्या पायाच्या खड्ड्यांत साचलेलं पाणी, माशाचा काटा. नवीन विमानतळ सुरू झाला आणि विमानं आमच्या डोक्यावरून जायला लागली, तेव्हा सगळी इमारत गच्चीवर जाऊन मोबाइलवर फोटो काढत होती. दादूस खालूनच वर बघत होते. “यवरी लोकं आत बसली हायत,” ते म्हणाले, “म्हंजे तवऱ्यांची आयबाप कुठंतरी जागी असतील.”

एकदा इमारतीतली कॉलेजची पोरं गोव्याला गेली. पोचल्यावर मिस्ड कॉल द्यायचा, असं दादूसनी प्रत्येकाकडून कबूल करून घेतलं होतं. पोरं ती! एकानेही दिला नाही. तेव्हा दादूसनी एकेका घरी फोन लावून, “जागा हाय मी, पोचली का पोरं?” असं विचारलं. तोवर निवांत घोरत असलेले सगळे आईबाप ताडकन उठून बसले आणि सकाळपर्यंत एकमेकांना फोन करत राहिले. काळजी संसर्गाने पसरते हे मी लॅबमध्ये नाही, आमच्या गेटवर शिकले.

त्यांना एकुलती एक मुलगी, दर्शना. मी इथे राहायला आले तेव्हा ती कॉलेजात होती आणि कबड्डी खेळायची. आमच्या पनवेल-उरणच्या गावांमधून कबड्डीचे सामने रात्री दिव्यांच्या उजेडात होतात, हे तुम्ही पाहिलं असेल. दर्शनाची चढाई बघायला लांबून लांबून लोक यायचे. दादूस प्रत्येक सामन्याला जायचे आणि एकही सामना बघायचे नाहीत. मैदानाकडे पाठ करून, वडापावच्या गाडीजवळ उभे राहायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचे, “काय झाला? उठली का?” ती जिंकली हे त्यांना टाळ्यांवरून कळायचं. पण टाळ्यांवर त्यांचा भरवसा नव्हता. “लोकं पडल्यावर पन टाल्या वाजवतात,” असं त्यांचं म्हणणं.

चिरनेरच्या सामन्यात ती पडली आणि तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी मी तिला बघायला दवाखान्यात गेले. दर्शना हात गळ्यात बांधून मजेत वडा खात होती. दादूस बाहेर बाकावर बसले होते. चेहरा असा, की हाड त्यांनीच हाताने मोडलं असावं.

“माजे झोपेनं झाला,” ते म्हणाले.

“तुम्ही तर झोपतच नाही!” मी म्हटलं.

“एकदा झोपलो व्हतो ना, बाय.”

आणि त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. मूल जन्माला आलं की पाचव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर नशीब लिहून जाते. तिच्यासाठी पाटावर कोरा कागद नि लेखणी ठेवतात, दिवा लावतात. तो दिवा रात्रभर विझू द्यायचा नाही आणि घरातल्या कुणीतरी जागं राहायचं. कराडकडेही ही रीत होती, पण आमच्याकडे दहा वाजता सगळे आडवे. यांच्याकडे मात्र पाचवी म्हणजे सोहळा. शेजारपाजार गोळा होतो, पत्ते रंगतात, मागच्या अंगणात बाटली फिरते. दर्शनाच्या पाचवीलाही असंच झालं. पाहुणे उठले, दादूसची म्हातारी आई थकून कलंडली आणि दिव्यापाशी बसायचं काम या नव्या बापाकडे आलं. बापाच्या पोटात बाटलीतलंही बरंच होतं. त्याचा डोळा लागला. जाग आली तेव्हा उजाडलं होतं आणि दिवा विझलेला होता.

“अंधारात काय लिवला असंल तिनं, कोनाला ठावं,” दादूस म्हणाले. “मी बापाचा पयलाच काम चुकलो.”

तेव्हापासून हा माणूस जागा होता. दर्शनाला गोवर आला, तो त्या झोपेचा. पायाच्या खड्ड्यात पडली, ती त्या झोपेची. दहावीला गणित राहिलं, तेही त्या झोपेचंच. मी म्हटलं, गणितात आमच्या घराण्यात तीन पिढ्या नापास आहेत आणि आमच्याकडे सगळ्यांचे दिवे व्यवस्थित जळले होते. ते हसले, पण पटलं नाही. काळजी पाचवीला पुजली आहे असं आपण सहज म्हणतो. यांच्या बाबतीत ते शब्दशः खरं होतं, एवढंच.

दर्शनाला या दिव्याचा मनस्वी संताप होता. “मी पडले तर तुमचा दिवा, मी हरले तर तुमचा दिवा,” ती बापावर ओरडायची, “माझं काही आहे की नाही यात?” एका वर्षी ती राज्याच्या संघात निवडली गेली. इमारतीने फटाके लावले. दादूस गेटवर घाबरून बसलेले. मला हळूच म्हणाले, “दुसरे कोनाचा लिवलेला हिचे नावावर आयला असंल. परत घेऊन नाय ना जानार कोन?”

खेळाडूंच्या कोट्यातून तिला सरकारी नोकरी लागली आणि ती नागपूरला गेली. तिकडेच तिचं लग्न झालं. जावई विदर्भातला, शांत, भरपूर झोपणारा. त्यामुळे दादूसना त्याच्याविषयी किंचित संशयच होता. दर्शना आता घरून ऑफिसला पोचली की फोन, ऑफिसातून घरी पोचली की फोन. एखाद्या दिवशी फोन आला नाही तर दादूस इमारतीभोवती चकरा मारत. कुणी विचारलं तर म्हणत, “पाय मोकले करतो.” पायांना एवढं मोकळं केलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पुढे त्यांचं ब्लडप्रेशर वाढलं. तपासण्यांसाठी ते आमच्याच लॅबमध्ये आले. रक्त काढताना मी म्हटलं, डोळे मिटा. नाही मिटले. डॉक्टरांनी बजावलं, बाकी काही नाही, झोपा. गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांची पट्टी देवाच्या फोटोमागे तशीच राहिली. “गोली घेतली आनि फोन आला तं?” हा त्यांचा सवाल.

त्याच सुमाराला एका रविवारी वहिनींनी, म्हणजे दादूसच्या बायकोने, मला घरी बोलावलं. दादूस बाजारात गेले होते. वहिनी कमी बोलणारी बाई. फोन वाजला तरी उचलत नसत, त्या घरात तो मान दादूसचा. पेपर पसरून जवळा, ती बारीक सुकी मासळी, निवडत बसल्या होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, “बाय, दिवा इजला नव्हता.”

मला आधी कळेचना, कुठला दिवा.

“मी जागीच व्हती,” त्या म्हणाल्या. “पाच दिसांची पोर कुशीत, सारखी पियाला उठते. बालंतिनीला कसली झोप? यो भिंतीला टेकून घोरत व्हता. मी दोन डाव तेल घातला. उजाडला, तवा मीच वात तेलात सारली. यो उठला तो कपालावर हात मारून रडाय लागला, इजला गो, इजला. मी बोलनार व्हती.”

“मग बोलला का नाही?”

वहिनींनी जवळ्यातला एक खडा काढून बाजूला ठेवला. “लगीन झाल्यापासून यो रातचा घरी नसायचा. पत्त्यांचा अड्डा, जत्रा, दोस्त. त्या रातीपासून भायेर गेला नाय. बोलली, बारशापर्यंत थांबू. मंग बोलली, शिमग्यापर्यंत. मंग जमिनींचा पैसा आला. गावातल्या बाकीच्या पुरुषांचा काय झाला, ते तू पायला नाय, मी पायला. किती घरा बसली. माजा घरी व्हता. लेकरापाशी जागा व्हता. कशी सांगू?”

मग पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “आता डॉक्टर बोलतो, झोप नाय तं जीव जाईल. आता सांगू का गो?”

संसाराचा सल्ला मला कुणी विचारत नाही. त्या दिवशी विचारला. मला त्या बाईचा राग आला, कौतुकही वाटलं, आणि दोन्हीतलं खरं कोणतं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी म्हटलं, “सांगा.”

लगेच सांगणं त्यांना जमलं नाही. मधे दर्शनाला दिवस गेले, ती बाळंतपणाला माहेरी आली, मुलगी झाली. पाचवीचा दिवस उजाडला. दादूस त्या दिवशी जेवण झाल्याबरोबर पलंगावर आडवे झाले. “रातीसाठी साठवून घेतो,” म्हणाले. साठलं काहीच नाही, कूस बदलत राहिले. थर्मासमध्ये चहा भरून ठेवला होता. घरात बाटली येणार नाही असं सगळ्या नातेवाइकांना बजावलं होतं. मला सुट्टी होती. मी बाळ बघायला गेले होते. दर्शना बाळाला थोपटत होती आणि वहिनी पाटाशी बसून वाती वळत होत्या. वळता वळता त्यांनी जे मला सांगितलं होतं तेच, तेवढ्याच शब्दांत, नवऱ्याला सांगितलं.

दादूस उठून बसले. दर्शनाचा थोपटणारा हात थांबला.

“दोन डाव तेल घातलास?” त्यांनी विचारलं.

“दोन डाव.”

“मंग सांगला का नाय?”

“तुमी घरी व्हतात,” वहिनी म्हणाल्या.

दर्शना रडायला लागली. मला वाटलं, आता हा माणूस चिडेल. चिडण्याचा हक्क होता त्याला. आयुष्यभराची झोप म्हणजे काय थोडी गोष्ट आहे? पण ते फक्त एवढंच म्हणाले, “म्हंजे उजेडात लिवला तिनं.” आणि लेकीकडे असं बघितलं, जणू ती आत्ताच जन्मली होती. मग पायात चपला सरकवून खाली गेटवर जाऊन बसले. मी निघून आले. अशा वेळी परक्या माणसाने थांबू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला निघाले, तर खुर्चीत दादूस. डोळे तांबारलेले.

“झोपलात का?” मी विचारलं. आता तरी हो म्हणतील अशी मला खात्री होती.

“नाय गो. ती पन जागी, पोरगी पन जागी, मी पन जागा. यवरी लोकं बघून सटवाई दारातूनच लाजून परत गेली असंल.” ते स्वतःच हसले. मग खुर्चीची दोरी उगाच घट्ट करत म्हणाले, “मना वाटला व्हता, आता झोप लागंल. पडलो. डोले मिटले. तं मनात आला, पोरीला सकाली ताप तं नाय येनार? बाय, दिवा तं इजला नव्हता. मंग मी कशाला जागा हाय?”

त्या क्षणी मला त्यांच्या त्या लेकीचा हेवा वाटला, हे मात्र लपवत नाही. माझ्यासाठी जागणारी माणसं कधीच गेली. मी गेटातून बाहेर पडले, तेवढ्यात मागून आवाज आला, “पोचलीस की फोन कर.” पनवेल इथून हाकेच्या अंतरावर आहे. मी पोचल्यावर फोन केला. पलीकडून उत्तर आलं, “जागा हाय मी.”

गेल्या उन्हाळ्यात दादूस गेले. दर्शना नातीला घेऊन सुट्टीला आली होती. नात आता घरभर पळत होती. दुपारी जेवून तिला पोटावर बसवून दादूस पलंगावर पडले. सगळी माणसं घरात होती. कुणाचा फोन यायचा नव्हता, कुणी कुठून पोचायचं नव्हतं. नात खाली उतरून खेळायला गेली आणि दादूसचा डोळा लागला. वहिनी दोनदा दारात येऊन बघून गेल्या. नातीला म्हणाल्या, आवाज करू नको, आजोबा झोपलेत. दर्शनाने पंखा हळू केला. चहाची वेळ टळून गेली तरी वहिनींनी हाक मारली नाही.

“कवा नाय तो झोपला व्हता,” वहिनी मला नंतर सांगत होत्या, “कशी उठवू?”

दिवसकार्य उरकून दर्शना नागपूरला परत गेली. तिची गाडी सकाळी पोचायची होती. कामाला जाण्याआधी मी वहिनींकडे डोकावले. त्या ओट्याशी उभ्या होत्या, चहा उकळून आटत आला होता. खाली गेटजवळ खुर्ची तशीच होती, आणि वॉचमन तिच्याशेजारी उभा होता. झोपला नव्हता. देवाच्या फोटोपाशी दादूसचा मोबाइल चार्जिंगला लावलेला होता.

तो वाजला. मी वहिनींकडे पाहिलं. ही बाई कधी फोन उचलत नाही, म्हणून मीच हात पुढे केला. पण त्यांनी पदराला हात पुसले, माझ्याआधी फोन घेतला आणि कानाला लावला.

“जागी हाय मी,” त्या म्हणाल्या. “पोचलीस का गो?”